मालाचा रस्ता, सहलीचा रस्ता

डोंगरातून जाणारा रस्ता सगळ्यांना सारखा दिसत नाही. सुटीसाठी निघालेल्या प्रवाशाच्या नजरेत दरी, धबधबे आणि धुके भरते. माल भरलेला ट्रक घेऊन त्याच रस्त्याने उतरणाऱ्या चालकाचे लक्ष मात्र उताराच्या तीव्रतेवर, वळणाच्या रुंदीवर, कडेच्या मातीवर आणि पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर खिळलेले असते. कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांमधील पर्वतरस्त्यांवर दरवर्षी जगभरातून जे हौशी प्रवासी येतात, त्यांत आपल्या देशात वर्षभर ट्रक चालवून सुटीतही स्टिअरिंग हातातून न सोडणारे परदेशी चालकही असतात, आणि त्यांच्या ठिकाणी या दोन्ही नजरा एकत्र येतात. अशा चालकाच्या नजरेने पश्चिम कॅनडाचा रस्ता पाहिला आणि त्याच्या शेजारी कोल्हापूरहून कोकणात उतरणारे घाटरस्ते ठेवून पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते: आज सहलीचे म्हणून ओळखले जाणारे बहुतेक डोंगररस्ते मुळात मालासाठी किंवा लष्करी रसदीसाठी आखले गेले, आणि सहल त्यांच्यावर मागाहून आली. या क्रमाचा विसर पडला की रस्त्याचे नियम समजेनासे होतात आणि रस्ता ज्यांच्यामुळे चालू राहतो त्यांच्याकडेही दुर्लक्ष होते.

एक भिंत आणि अनेक रांगा

दोन्ही प्रदेशांच्या भूरचनेतील फरक आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण रस्त्याचा स्वभाव त्यावरच ठरतो. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, पंचगंगेच्या काठी वसले आहे. तेथून पश्चिमेला निघालेला रस्ता ऊस आणि भाताच्या शिवारांतून हळूहळू चढत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो आणि मग अवघ्या दहा-बारा किलोमीटरांत कोकणच्या पायथ्याशी उतरतो. सह्याद्री ही या भागात दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी रांग नसून दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे; ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तयार झालेला काळा बसाल्ट खडक आणि त्यावर जांभ्याचे आच्छादन अशी तिची रचना आहे. त्यामुळे येथील चालकाला चढ सौम्य आणि उतार एकदम मिळतो, आणि कोकणातून परतताना हाच क्रम उलटा होतो.

पश्चिम कॅनडात अशी एकच भिंत नाही. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहरातून पूर्वेला कॅलगरीकडे निघालेल्या गाडीला सुमारे पावणेदहाशे किलोमीटरांच्या अंतरात एकामागून एक अनेक पर्वतरांगा ओलांडाव्या लागतात. होप हे गाव सोडल्यावर कॅस्केड पर्वत लागतात, कॅम्लूप्सच्या कोरड्या पठारानंतर मोनाशी आणि सेलकर्क या रांगा येतात, आणि गोल्डन गावाच्या पुढे रॉकी पर्वताची मुख्य रांग उभी राहते. रॉकी पर्वत समुद्रतळाशी साचलेल्या गाळाच्या खडकांचे थर दाबाखाली घड्या पडून, तुटून आणि एकमेकांवर सरकून उंचावले आहेत, आणि पुढे हिमनद्यांनी त्यांत रुंद तळाच्या दऱ्या कोरल्या आहेत. रस्ता या दऱ्यांच्या तळातून जातो आणि एका दरीतून दुसरीत जाण्यासाठी खिंड गाठतो. दोन डोंगरांमधील ओलांडण्याजोगी खालची जागा म्हणजे खिंड. रॉजर्स खिंड सुमारे १,३३० मीटर, तर किकिंग हॉर्स खिंड सुमारे १,६२७ मीटर उंचीवर आहे. येथे चढ, उतार, पुन्हा चढ असे चक्र दिवसभर चालते, आणि म्हणून कोल्हापूरच्या चालकाला घाटात जी सावधगिरी तासभर पाळावी लागते ती तेथील चालकाला दोन-दोन दिवस पाळावी लागते.

आधी माल, मग माणूस

कोल्हापूर आणि कोकणची बंदरे यांचा संबंध मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीवर विसाव्या शतकाच्या चाळीसच्या दशकात सापडलेल्या प्राचीन कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची रोमन बनावटीची छोटी मूर्ती होती. समुद्रमार्गे आलेली अशी वस्तू पठारावरच्या नगरात मिळते याचा अर्थ, सातवाहनांच्या काळापासूनच बंदरांवर उतरलेला माल सह्याद्री चढून वर येत होता. पुढे बैलांच्या पाठीवर माल लादून नेणाऱ्या लमाण तांड्यांनी याच वाटा वापरल्या; मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर येत, तर धान्य आणि गूळ खाली जात. घाटवाटांच्या तोंडाशी असलेले गगनगड आणि विशाळगड हे किल्ले केवळ युद्धासाठी नव्हते. मालाच्या वाटेवर नजर ठेवणे आणि जकात, म्हणजे मालावरील वाटकर, वसूल करणे हेही त्यांचे काम होते.

इंग्रजी अमलात या पाऊलवाटांपैकी काहींना गाडीरस्त्याचे रूप मिळाले. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी जोडण्यासाठी आंबोलीतून रस्ता काढण्यात आला. आज वर्षासहलीसाठी प्रसिद्ध असलेला आंबोली घाट जन्माने रसदीचा रस्ता आहे. बैलगाडीला झेपेल असा चढ ठेवण्यासाठी रस्ता डोंगराच्या कुशीतून वळणे घेत न्यावा लागे, कारण वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणे एवढीच भरल्या गाडीच्या बैलांची मर्यादा मानली जाई. पर्यटकांना रम्य वाटणारी नागमोडी वळणे अशा प्रकारे बैलांच्या ताकदीच्या हिशेबातून आलेली आहेत.

आज कोल्हापूरहून कोकणात उतरण्यासाठी मुख्यतः पाच दिशा आहेत. मलकापूर, आंबा आणि साखरपा या मार्गाने रत्नागिरीला जाणारा आंबा घाट. राजापूरकडे उतरणारा अणुस्कुरा घाट. गगनबावड्यापाशी फुटून वैभववाडीकडे जाणारा करूळ घाट आणि खारेपाटणकडे जाणारा भुईबावडा घाट. राधानगरी आणि दाजीपूर ओलांडून कणकवलीकडे नेणारा फोंडा घाट. आणि आजऱ्यावरून सावंतवाडीला पोहोचवणारा आंबोली घाट. कोल्हापूरला मिरजेशी जोडणारा लोहमार्ग राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९१ मध्ये सुरू झाला आणि कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, परंतु या दोहोंना सह्याद्रीतून जोडणारा कोल्हापूर–वैभववाडी मार्ग मंजुरी मिळूनही प्रत्यक्षात आलेला नाही. म्हणूनच साखर, गूळ, भाजीपाला आणि दूध खाली नेणे, तसेच मासळी, आंबा, काजू आणि जांभा दगड वर आणणे ही सगळी कामे आजही ट्रक आणि टेम्पोच करतात.

कॅनडात हाच क्रम रेल्वेपासून सुरू झाला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी येथे ठोकला गेला आणि पूर्वेकडील प्रांत प्रशांत महासागराशी जोडले गेले. हा मार्ग धान्य, लाकूड, खनिजे आणि राजकीय एकात्मता यांसाठी बांधला होता. पण पर्वतातून जाणारी विरळ वस्तीची शेकडो मैलांची रेषा फायद्यात चालवायची तर प्रवासी हवे होते, म्हणून रेल्वे कंपनीनेच १८८८ मध्ये बॅन्फ येथे भव्य हॉटेल उघडले आणि पर्वतदर्शन हा विकण्याजोगा माल केला. बॅन्फचे राष्ट्रीय उद्यानही १८८५ मधील राखीव क्षेत्रातूनच वाढले. मोटाररस्त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. डॉसन क्रीकपासून निघणारा अलास्का महामार्ग १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने युद्धाच्या रसदीसाठी काही महिन्यांत उभा केला आणि सामान्य प्रवाशांसाठी तो १९४८ मध्ये खुला झाला. ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा कायदा १९४९ मध्ये झाला, तर त्यातील सर्वांत अवघड दुवा असलेला रॉजर्स खिंडीचा रस्ता १९६२ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी गाड्यांना कोलंबिया नदीच्या मोठ्या वळणाला वळसा घालणाऱ्या कच्च्या रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर फिरून जावे लागे.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो उद्बोधक आहे. लेक लुईस ते जॅस्पर हा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे १९३१ मध्ये जागतिक मंदीतील बेरोजगारांना काम देण्यासाठी सुरू झाला, १९४० मध्ये खुला झाला आणि प्रथमपासूनच निसर्गदर्शनासाठी आखला गेला. या रस्त्यावर मालवाहू ट्रकना बंदी आहे. म्हणजे वर्षभर ट्रक चालवणारा परदेशी पाहुणा हिमनद्यांच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्यावर येतो तो छोटी गाडी किंवा मोटारहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊनच. ब्रिटिश कोलंबियात पर्यटक आपल्या देशाच्या वैध परवान्यावर सहा महिन्यांपर्यंत गाडी चालवू शकतो. भारतीय चालकाला आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या सहलीचे, धोरण स्वीकारले आहे. मात्र ट्रकच्या केबिनमध्ये झोपून, स्टोव्हवर भात शिजवून महिनोन्महिने काढणाऱ्या चालकाला त्या कल्पनेत नवे काही आढळणार नाही.

उताराचे गणित

घाट चढताना इंजिनाचा कस लागतो, तर उतरताना ब्रेकचा. आणि जीवघेणे अपघात बहुधा उतरताना होतात. याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. उंचीवर असलेल्या वस्तूत तिच्या वजनाच्या आणि उंचीच्या प्रमाणात ऊर्जा साठलेली असते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकांच्या ट्रकला भारतात २०१८ च्या सुधारित नियमांनुसार मालासह २८.५ टन वजनाची मुभा आहे. असा ट्रक गगनबावड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो तेव्हा जवळपास १४ कोटी ज्यूल ऊर्जा मुक्त होते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कोठेतरी उष्णतेच्या रूपात जिरवावी लागते, आणि ती इतकी असते की तिने चारशे लिटर पाणी उकळीला यावे.

ही उष्णता केवळ चाकांच्या ब्रेकवर सोपवली तर ब्रेकचे ड्रम आणि त्यांना घासणारे लायनर तापतात, घर्षण कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. चालक ज्याला ब्रेक फेल होणे म्हणतात त्यातील बरेच प्रसंग यंत्र मोडल्याचे नसून ब्रेक तापल्याचे असतात. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रीय आहे: खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनात खर्ची पडतो. अलीकडच्या भारतीय ट्रकमधील एक्झॉस्ट ब्रेक इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून हाच परिणाम वाढवतो. उत्तर अमेरिकेतील ट्रकमध्ये १९६१ पासून वापरात आलेला जेक ब्रेक वेगळ्या रीतीने काम करतो. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर ती पुन्हा फुलून दट्ट्याला ढकलण्याआधीच झडप उघडून बाहेर सोडली जाते, त्यामुळे इंजिन शक्ती देणाऱ्या यंत्राऐवजी शक्ती खाणारा पंप बनते. त्याचा तडतड आवाज मोठा असल्याने कॅनडातील अनेक गावांच्या वेशीवर तो न वापरण्याच्या पाट्या दिसतात.

या गणिताकडे पाठ फिरवल्याचे परिणाम कोल्हापूर–पुणे मार्गावरच पाहायला मिळाले आहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने नवले पुलाजवळ चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, आणि उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय त्यानंतर चर्चेत आली. न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय इंजिन बंद केले तर ब्रेकला लागणारी दाबाखालची हवाही पुन्हा भरली जात नाही. जे थोडे डिझेल वाचते ते खात्यात दिसते, ज्या धोक्याने ते वाचवले तो दिसत नाही.

पश्चिम कॅनडात हा धोका आकाराने मोठा आहे. ब्रिटिश कोलंबियात दोन ट्रेलर जोडलेल्या आठ आसांच्या गाडीला ६३.५ टनांपर्यंत परवानगी आहे आणि कोक्विहाला महामार्गावर सुमारे १,२४४ मीटरच्या माथ्यावरून होप गावापर्यंत जवळपास बाराशे मीटरचा उतार आहे. वर काढलेल्या ऊर्जेच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा येथे जिरवावी लागते. म्हणून उतार सुरू होण्याआधी ट्रकना थांबून ब्रेक तपासण्याची जागा असते, उताराची तीव्रता टक्क्यांत दाखवणाऱ्या पाट्या असतात आणि ठरावीक अंतरावर सुटका-मार्गिका असतात. सुटका-मार्गिका म्हणजे मुख्य रस्त्यापासून फुटून वर चढणारी, सैल गोट्यांनी भरलेली वाट; ब्रेक निकामी झालेला ट्रक तीत शिरला की चाके गोट्यांत रुततात आणि गाडी थांबते. आठ टक्के उतार, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर खाली, ही पाटी पर्यटकाला केवळ आकडा वाटते. ट्रकचालकाला ती कोणता गिअर टाकायचा ते सांगते.

दरड आणि हिमलोट

डोंगररस्ता एकदा बांधून संपत नाही, तो दरवर्षी राखावा लागतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात त्याच्या अंशानेच. माथ्यावरचा जांभा आणि त्याखालची माती पाणी पिऊन जड होते, बसाल्टच्या उतारावरून सुटते आणि रस्त्यावर येते, तीच दरड. दरडीबरोबर दाट धुकेही असते. एखादा घाट बंद झाला की त्याची वाहतूक शेजारच्या घाटावर पडते. जानेवारी २०२४ पासून काँक्रीटच्या कामासाठी करूळ घाट बंद ठेवण्यात आला तेव्हा भुईबावडा आणि फोंडा घाटांवरचा भार वाढला. पर्यटकाला अशा वेळी अर्धा तास जास्त लागतो, पण नाशिवंत माल नेणाऱ्या चालकाचे भाड्याचे गणितच बदलते.

रॉजर्स खिंडीत पावसाची जागा बर्फ घेते. हिवाळ्यात तेथे दहा मीटरच्या आसपास बर्फ पडते आणि उतारावर साचलेले थर एकाएकी सुटून हिमलोट, म्हणजे बर्फाची दरड, कोसळते. मार्च १९१० मध्ये रेल्वेमार्ग साफ करणारे सुमारे साठ कामगार अशाच एका लोटाखाली गाडले गेले आणि १९१६ मध्ये रेल्वेने खिंडीखालून बोगदा काढून वरचा मार्ग सोडून दिला. महामार्ग मात्र १९६२ मध्ये त्याच खिंडीतून नेण्यात आला, कारण तोवर हिमलोट आवरण्याचे तंत्र हाती आले होते. रस्त्यावर छतासारखे बांधलेले हिमछत लोटाला डोक्यावरून पलीकडे जाऊ देते, आणि कॅनडाचे सैन्य रस्ता थोडा वेळ बंद करून १०५ मिलिमीटर तोफांनी उतारावर मारा करते, जेणेकरून बर्फ थोडे थोडे, ठरवलेल्या वेळी खाली यावे. हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक पर्वतरस्त्यांवर ऑक्टोबर ते एप्रिल हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि अवजड वाहनांना चाकांवर चढवायच्या साखळ्या बरोबर ठेवाव्या लागतात.

मालाचा रस्ता आणि सहलीचा रस्ता यांतील खरा क्रम संकटात उघड होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि हजारो ट्रक दोन्ही बाजूंना अडकून पडले. शहरात पेट्रोल, दूध आणि भाजी यांची टंचाई जाणवली, आणि पाणी उतरू लागल्यावर आधी वाट मिळाली ती अत्यावश्यक माल आणणाऱ्या वाहनांना. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात अतिवृष्टीने कोक्विहाला महामार्गाचे पूल वाहून गेले आणि व्हँकुव्हरचा देशाच्या उर्वरित भागाशी रस्त्याने असलेला संबंध काही दिवस तुटला. सुमारे पाच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, हा रस्ता पुन्हा उघडला तो केवळ व्यावसायिक मालवाहू वाहनांसाठी. खासगी मोटारींना जानेवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. एरवी ट्रकमागे अडकल्याबद्दल हॉर्न वाजवणाऱ्या समाजाने दोन्ही ठिकाणी अडचणीच्या वेळी ट्रकलाच पुढे काढले.

रस्ता ओलांडणारे इतर

डोंगररस्ता जंगलातून जातो आणि जंगलाचे रहिवासीही तो ओलांडतात. फोंडा घाटाच्या माथ्यावरचे दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि पुढे विस्तारून राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत त्याचा समावेश आहे. पूर्ण वाढलेला गवा नऊशे-हजार किलोपर्यंत भरतो, त्याचा रंग रात्रीच्या रस्त्यात मिसळून जातो, आणि म्हणून रात्री मासळी घेऊन वर येणारे चालक या पट्ट्यात वेग कमी ठेवतात. बॅन्फमध्ये हाच प्रश्न एल्क हरणे, मूस आणि अस्वले यांच्यामुळे उभा राहिला. तेथे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालून ठिकठिकाणी प्राण्यांसाठी भुयारे आणि माती-झाडांनी आच्छादलेले पूल बांधण्यात आले, आणि कुंपण घातलेल्या भागात प्राण्यांशी होणाऱ्या धडकांत ऐंशी टक्क्यांहून अधिक घट झाली. सह्याद्रीतील रस्ते रुंद होत असताना हा अनुभव उपयोगी पडण्याजोगा आहे, कारण रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि प्राण्याला ओलांडायचे अंतरही वाढते.

चालकाची सुटी

कॅनडाच्या नियमांनुसार साठ अंश अक्षांशाच्या दक्षिणेस ट्रकचालकाला दिवसात तेरा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही, कामाचे एकूण तास चौदापेक्षा जास्त होऊ देता येत नाहीत आणि दहा तास विश्रांती घ्यावी लागते, त्यांपैकी आठ सलग. हे तास लिहिण्यासाठी पूर्वी कागदी नोंदवही होती. २०२३ पासून इंजिनाशी जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राची सक्ती अमलात आली. प्रशिक्षणाचा प्रश्नही तेथे दुःखद रीतीने पुढे आला. एप्रिल २०१८ मध्ये सस्कॅचेवन प्रांतात एका ट्रकची तरुण हॉकीपटूंच्या बसशी धडक होऊन सोळा जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर अल्बर्टाने २०१९ मध्ये व ब्रिटिश कोलंबियाने २०२१ मध्ये नव्या ट्रकचालकांसाठी किमान प्रशिक्षण सक्तीचे केले. पंजाबातून गेलेल्या स्थलांतरितांचे त्या व्यवसायातील मोठे प्रमाण लक्षात घेता हे नियम भारतीय कुटुंबांच्याही परिचयाचे झाले आहेत.

भारतात मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी आणि वर्षात २४० दिवस काम केल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा अशी तरतूद केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. कागदावर हे तास कॅनडाहून कमी आहेत. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता, आणि एक-दोन गाड्यांचा मालक स्वतःच चालक असतो तेथे तो पोहोचतच नव्हता. अशा चालकाचे वेळापत्रक भाडे ठरवते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून माल घेऊन गेलेल्या गाडीला परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखात थांबावे लागते, आणि हे थांबणे विश्रांतीत धरले जाते, जरी त्या वेळी चालक आणि किन्नर, म्हणजे त्याचा मदतनीस, मालाची राखणच करत असतात. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकची केबिन वातानुकूलित असावी हा नियम त्या मानाने उशिरा का होईना, चालकाच्या शरीराची दखल घेणारा आहे.

सुटीची कल्पना मात्र कोल्हापूरच्या चालकाला अपरिचित नाही. ती यात्रेच्या रूपात त्याच्याकडे आहे. खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून तिची पूजा होते. चैत्र पौर्णिमेला जोतिबा आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची रेणुका यांच्या यात्रांना कोल्हापूर परिसरातून मोठ्या संख्येने लोक जातात, आणि एसटीबरोबर ट्रक-टेम्पोही या प्रवासात दीर्घकाळ सामील राहिले आहेत. एरवी साखरेची पोती वाहणाऱ्या हौद्यात ताडपत्रीखाली घरची आणि गल्लीतली माणसे, भांडी आणि शिधा असे. मालवाहू वाहनातून माणसे नेणे धोक्याचे आणि बेकायदा आहे, आणि ते कमी होणे योग्यच. पण कुटुंबाला आपण रोज करतो तो प्रवास एकदा दाखवावा ही त्यामागची इच्छा आणि रॉकी पर्वतात मोटारहोम घेऊन फिरणाऱ्या परदेशी ट्रकचालकाची इच्छा यांत अंतर नाही. फरक आहे तो इतकाच की एकाला पगारी रजा मिळते आणि दुसऱ्याला त्या दिवसांचे भाडे बुडवावे लागते.

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. आइसफील्ड्स पार्कवेसारखा केवळ सहलीचा रस्ता वेगळा बांधणे विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या देशाला परवडते. सह्याद्रीत तेवढी जागा नाही आणि तेवढे जंगल तोडणे इष्टही नाही, म्हणून येथे माल आणि सहल यांना एकाच रस्त्यावर नांदावे लागणार. त्यासाठी उतारांवर सुटका-मार्गिका, ब्रेक तपासण्याच्या आणि चालकांना निवांत झोपता येईल अशा जागा, आणि लहान मालकांपर्यंत पोहोचणारी रजेची तरतूद या गोष्टी शासनाने कराव्यात. पर्यटकाच्या हाती असलेल्या गोष्टी मात्र आजच करता येतात: अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा मोटार वाहन नियमांतलाच आदेश आहे, वळणावर छायाचित्रासाठी गाडी उभी करू नये, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि पुढे सावकाश उतरणारा ट्रक दिसला तर हॉर्न न वाजवता त्याच्या मागे तेवढेच सावकाश उतरावे, कारण तो त्या क्षणी घाट योग्य रीतीने उतरत असतो.